चाक उघडण्याची दुपार

दसऱ्याला पंधरा दिवस राहिले होते. वाळवा तालुक्यातल्या एका फाट्यावर पत्र्याच्या शेडसमोर उसाच्या सात ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या. तिघींची चाकं उतरवलेली, आस लाकडी ओंडक्यांवर टेकवलेले. पाऊस नुकताच उघडला होता आणि ऊन चांगलंच चटकत होतं. शेडच्या दारात पत्र्याच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात डिझेल होतं, त्यात चार बेअरिंगं बुडवून ठेवलेली. मिस्त्री उकिडवे बसून पाचव्या हबचं टोपण पंचानं सोडवत होते. ट्रॉलीचे मालक बाजूच्या नांगरावर टेकले होते. त्यांचा चेहरा दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा होता.

टोपण निघालं. आत पिवळं ग्रीस असायला हवं होतं. बाहेर आलं ते करडं-पांढुरकं, पाणचट काहीतरी. मिस्त्रींनी ते बोटावर घेऊन मालकांसमोर धरलं.

"ताक झालंय बघा ग्रीसचं. कुठं उभी केलेली पावसात?"

"बांधावरच. कुठं ठेवणार?" मालक म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "चाक तर फिरत हुतं की."

सगळी गोम याच वाक्यात आहे. चाक फिरत होतं. बिघडलेल्या बेअरिंगचं चाकही फिरतं, कोरड्या बेअरिंगचंही फिरतं, आणि पाणी शिरलेलं बेअरिंग तर काही दिवस अगदी सुरळीत फिरतं. ते थांबतं तेव्हा ट्रॉली भरलेली असते, रात्र असते आणि रस्ता अरुंद असतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरी लाकडी बैलगाडी होती. तिच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं आणि त्याला हात लावला की आजोबांच्या शिव्या ठरलेल्या. एरंडेल, त्यात काजळी, त्यात चिंध्यांचा बोळा. ते काळं रसायन एकदा कपड्याला लागलं की धुणाऱ्याच्या जिभेवर कायमचं चढायचं. गाडीच्या दोन-चार फेऱ्या झाल्या की कण्यातून आवाज यायला लागे. आधी बारीक कुई, मग लांबलचक किंकाळी. अख्ख्या गल्लीला कळायचं कुणाची गाडी आली ते. आजोबा गाडी थांबवायचे, कुणी, म्हणजे चाकाची खीळ, उपसायचे, चाक जरा बाहेर ओढून तुंब्यात बोळा फिरवायचे आणि पुन्हा निघायचे. त्यासाठी त्यांना तारीख लक्षात ठेवावी लागली नाही. गाडीच आठवण करून द्यायची, तीही चारचौघांत लाज काढून.

बेअरिंगनं ही सोय काढून घेतली. ते आवाज करतं तेव्हा त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. शिवाय ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या गोंगाटात, त्यावर लावलेल्या गाण्यांच्या दणदणाटात, मागच्या ट्रॉलीच्या मागच्या चाकातली घरघर ड्रायव्हरला ऐकू येणार तरी कशी? लाकडी कणा मागून घ्यायचा. बेअरिंग मागत नाही, आणि न मागणाऱ्याला द्यायची सवय आपल्याला नाही.

खरं तर आसाला तेल पाजण्याची जाण आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अंगाला तेल लावण्याचे गुण सांगताना दाखले दिले आहेत ते घड्याचे, कातड्याचे आणि गाडीच्या आसाचे. वंगण दिलेला आस जसा बळकट होतो आणि कष्ट सोसतो, तसंच शरीर, असा त्याचा भाव. म्हणजे वैद्याला माणसाचं अंग समजावून सांगायला गाडीचा आस हाताशी होता. ऐकणाऱ्याला तो आधीच ठाऊक होता. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावून घेताना हे आठवायला हरकत नाही. त्याच सुमारास ट्रॉल्या रस्त्यावर येतात.

चाकात लोखंडी गोळ्या घालून घर्षण कमी करायची कल्पनाही गाडीच्याच आसापायी पुढे आली. वेल्समधल्या कारमार्थन गावचा लोखंड कारखानदार फिलिप व्हॉन यानं 1794 साली बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं, ते घोडागाडीच्या आसासाठी. पण गोळी एका ठिपक्यावर टेकते. वजन वाढलं की त्या ठिपक्याचे हाल होतात. शिवाय गाडी वळते तेव्हा चाकावर आडवा रेटा येतो. त्यावर तोड काढली ती अमेरिकेतल्या सेंट लुईसचा गाड्या बनवणारा हेन्री टिमकेन यानं. त्यानं आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यानं 1898 साली निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट मिळवलं. रोलर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. त्यामुळे ते पूर्ण रेघेवर टेकतात, उभं वजनही घेतात आणि वळणाचा आडवा रेटाही. आज वाळव्यातल्या ट्रॉलीच्या हबमध्ये जे बसतं ते हेच. चिंचवडला किंवा जमशेदपूरला मोठ्या कंपन्यांचे बेअरिंगचे कारखाने आहेत, तरी कल्पना अजून त्या घोडागाडीवाल्याचीच चालते.

मिस्त्रींच्या भाषेत त्याचे दोन भाग: कोन आणि कप. कोन म्हणजे आतली कडी, तिच्याभोवती जाळीत बसवलेले रोलर. कप म्हणजे हबच्या आत ठोकून बसवलेली बाहेरची कडी. प्रत्येक चाकात अशा दोन जोड्या, आतल्या बाजूला मोठी आणि बाहेरच्या बाजूला लहान. मध्ये पोकळी. आतल्या तोंडाला ऑइल सील, बाहेरच्या तोंडाला टोपण. बेअरिंगवर कोरलेला नंबर मिस्त्री वाचत नाहीत, बोटानं चाचपतात. मला त्यांनी एक हिशेब शिकवला. 30210 असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणायचं: 50 मिलिमीटर, म्हणजे आसाची जाडी. 30208 असेल तर 40. "एवढं आलं की दुकानदार गंडवत नाय," ते म्हणाले. आकड्यात गंडवत नसेल, मालात गंडवतो. नामांकित कंपन्यांच्या खोक्यात भरलेली बनावट बेअरिंगं बाजारात सर्रास आहेत, आणि छपाई इतकी हुबेहूब असते की खोकं पाहून ओळखणं कठीण. अधिकृत विक्रेत्याची पक्की पावती हाच त्यातल्या त्यात भरवसा.

त्या लहानशा कडीवर किती भार येतो, तेही पाहू. चार चाकी ट्रॉलीत दहा टन ऊस भरला आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन दोन टन धरलं, तर एका चाकावर तीन टन येतात. हा सपाट रस्त्याचा हिशेब. खड्ड्यात एक चाक गेलं, फडातून बाहेर पडताना ट्रॉली एका अंगाला कलली, की शेजारच्या चाकाचा भार त्याच चाकावर येतो. दोन ट्रॉल्यांच्या मिळून आठ चाकांत सोळा बेअरिंगं. त्यांतल्या एकानं जरी दगा दिला तरी ट्रॅक्टर, ड्रायव्हर, दोन ट्रॉल्या आणि वीस टन ऊस, सगळं जागच्या जागी.

बेअरिंग कसं मरतं ते मिस्त्रींनी मला शेडमागच्या भंगारातून एकेक नमुना काढून दाखवलं. पहिल्या कपवर बारीक खड्डे होते, देवीचे व्रण असावेत तसे. हे पाण्याचं काम. ट्रॉली चार महिने एका जागी उभी राहते, रोलर एकाच ठिकाणी टेकलेले असतात, मधल्या फटीत ओल साठते आणि तिथं गंज धरतो. हंगाम सुरू झाला की प्रत्येक फेऱ्याला रोलर त्या खड्ड्यात आपटतो आणि खड्डा मोठा होतो. दुसऱ्या कोनाची जाळी फाटलेली होती, रोलर तिरके झालेले. तिसरा पाहून मी गप्प झालो. तो निळा-जांभळा पडला होता, लोखंड भट्टीतून काढल्यासारखा. ग्रीस संपलं, उष्णता वाढली, रोलर अडकले आणि आतली कडी आसाबरोबर स्थिर राहायची ती आसावरच फिरायला लागली. आस खरवडला गेला. यापुढची पायरी म्हणजे आसाचं टोक तुटून चाक निघून जाणं. ट्रॉली पुढं आणि चाक शेजारच्या उसात, असं ड्रायव्हर हसत सांगतात. ते चाक उसात गेलं म्हणून हसता येतं.

पाणी आत शिरतं कसं, हे मला नीट कळत नव्हतं. सील तर असतंच. त्याचं उत्तर ओढ्यावर आहे. भरलेली ट्रॉली वीस-पंचवीस किलोमीटर आली की हब तापतो, आतली हवा फुगते आणि जेवढी बाहेर पडायची तेवढी पडते. मग फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात तापलेला हब बुडतो, चटकन गार होतो. आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. सील जुनं, कडक झालेलं असेल तर विचारायलाच नको. 2019 आणि 2021 सालच्या महापुरात कृष्णाकाठी कितीतरी ट्रॉल्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. पूर ओसरल्यावर लोकांनी इंजिनं उघडली, ऑइल बदललं, बॅटऱ्या बदलल्या. ट्रॉलीची चाकं कुणी उघडली? मी ज्यांना विचारलं त्यांतले बहुतेक नुसते हसले.

आता ग्रीसकडे येऊ. कारण ग्रीस म्हणजे घट्ट तेल असा बहुतेकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वंगणाचं काम तेल करतं. साबण फक्त त्याला जागेवर धरतो आणि लागेल तसं सोडतो. साबण कोणत्या धातूचा यावर ग्रीसची जात ठरते. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं साधं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आसपास त्याची जाळी मोडते आणि तेल वाहून जातं. स्प्रिंगचे पत्ते, पिना, टर्नटेबल यांना ते चालतं; चाकाच्या हबला नाही. लिथियमचं ग्रीस 180 अंशांच्या पुढं टिकतं. हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलं आणि आज दुकानात एपी-3 म्हणून मागतात ते बहुधा याच जातीचं. तीन हा आकडा घट्टपणाचा. दोन नंबर जरा मऊ, तीन जरा घट्ट.

आणि इथं मला माझ्या आजोबांचं नळकांडं पुन्हा भेटलं. लिथियम ग्रीसचा साबण ज्या आम्लापासून करतात, ते मिळतं एरंडेलापासून. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला, आणि त्यातला मोठा वाटा शेजारच्या गुजरातचा. कॅस्ट्रॉल या इंग्रजी कंपनीचं नावसुद्धा एरंडीच्या इंग्रजी नावावरून पडलेलं. बैलगाडीखालून एरंडेल गेलं असं आपण समजत होतो, ते कारखान्यात जाऊन, साबण होऊन, रंगीत डब्यातून परत आलं.

रंगावरून आठवलं. ग्रीस लाल, निळं, हिरवं मिळतं. रंग कंपनीनं घातलेला असतो, त्यावरून जात कळत नाही. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं मिसळली की कधी कधी दोन्हींची जाळी ढिली पडते आणि पातळ होऊन सीलमधून गळायला लागते. म्हणून जुनं काय होतं ठाऊक नसेल तर सगळं धुऊन काढायचं. इथंच ग्रीस गनवाल्यांशी माझं भांडण आहे. हबला निप्पल लावायची आणि दर आठवड्याला दोन-चार पंप मारायचे, ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी दिसते. मालकाला वाटतं देखभाल झाली. पण त्या पंपानं आत जाणारं ग्रीस जुन्या, पाणी लागलेल्या ग्रीसलाच पुढं रेटतं. रोलरपर्यंत पोचतंच असं नाही. जास्त झालं की सील बाहेर फेकतं, आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरला तर ते थेट लायनिंगवर जातं. पोकळी गच्च भरली की ग्रीस घुसळून घुसळून उलट तापतं. सगळ्यात वाईट म्हणजे निप्पल आहे म्हणून हब कुणी उघडतच नाही. ग्रीस भरणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे उघडून पाहणं, आणि ते गनला येत नाही.

मिस्त्रींचं भरणं पाहत मी तासभर बसलो. बेअरिंग डिझेलमध्ये ब्रशनं धुतलं, फडक्यानं पुसलं, उन्हात ठेवलं. शेजारच्या पोरानं हवेचा पाइप आणला, तर त्याला हटकलं. "हवेनं गरागरा फिरवायचं नाय लेका. कोरडं फिरलं की चरे पडत्यात. रोलर सुटला तर डोळा जाईल." मग डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घेतलं. उजव्या हातात कोन, त्याची रुंद बाजू तळहाताच्या कडेवर आपटत, ओढत. ग्रीस रोलरांच्या मधून वर चढतं आणि बारीक बाजूनं शेवया पडाव्यात तसं बाहेर येतं. एका जागी आलं की कोन जरा फिरवायचा, पुढची जागा. पूर्ण फेरा होईपर्यंत सोडायचं नाही. कपला आतून बोट फिरवून थर दिला. हबच्या पोकळीत तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, बस. सील नवीनच बसवलं. जुनं चांगलं दिसत होतं तरी. सीलची किंमत चहा-नाश्त्याच्या हिशेबातली, आणि काढताना त्याची कड दुखावतेच.

खरी कसोटी नट आवळण्याची. चाक एका हातानं फिरवत ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. चाक जड झालं की नट मागं सोडायचा, मग पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी जेवढा जाईल तेवढा घ्यायचा, आणि जवळचं भोक जुळवून स्प्लिट पिन घालायची. पिन नवी. घट्ट राहिला तर बेअरिंग तापून जळतं. ढिला राहिला तर चाक डुगडुगतं आणि सील खातं. दोन्हींच्या मध्ये काही शतांश मिलिमीटरांची जागा आहे आणि ती मोजायचं यंत्र या शेडमध्ये नाही. मिस्त्रींनी टायर वर-खाली धरून हलवला, डोळे मिटून. मग मान हलवली. मी हलवून पाहिला. मला काहीच कळलं नाही.

किती दिवसांनी उघडायचं? परदेशी ट्रेलर-आसांच्या पुस्तिकांत साधारण वर्ष किंवा 12,000 मैल, म्हणजे सुमारे 19,000 किलोमीटर, यांत जे आधी येईल ते धरतात. उसाच्या ट्रॉलीला किलोमीटरचा हिशेब फसवा आहे. जाऊन-येऊन साठ किलोमीटरची एक खेप रोज धरली तरी 120 दिवसांच्या हंगामात जेमतेम 7,200 होतात. आकडा लहान दिसतो. पण त्यात वजन, फडातली माती आणि कारखान्याच्या अड्ड्यात भरल्या ट्रॉलीनं ताटकळणं आलं नाही. आणि बांधावरचा पावसाळा तर मुळीच आला नाही. म्हणून वर्षातून एकदा हे खरं, पण कधी, यावर माझं मत मिस्त्रींच्या गिऱ्हाइकांपेक्षा वेगळं आहे. सगळे दसऱ्याच्या तोंडावर येतात. खंडेनवमीला अवजारांची पूजा, त्याआधी दुरुस्ती, हा रिवाज. तोवर पावसानं आपलं काम करून ठेवलेलं असतं. हब उघडायचा तो हंगाम संपल्यावर, मे महिन्यात. ताज्या ग्रीसचा थर असेल तर गंज धरायला जागा राहत नाही. मग दसऱ्याला नुसतं टोपण काढून पाहिलं तरी पुरतं.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा मालक म्हणाले, "मे महिन्यात पैसा कुठाय? बिलं अडकल्याली, तोडणी टोळीचा हिशेब राहिल्याला, ट्रॅक्टर मशागतीला." मला उत्तर सुचलं नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. उभ्या ट्रॉलीची दुपार कुणाच्याच खात्यात धरली जात नाही: कारखान्याच्या नाही, मुकादमाच्या नाही, ड्रायव्हरच्या तर नाहीच, त्याला खेपेवर पैसे. बेअरिंग टायरच्या मानानं किरकोळ किमतीचं, ग्रीस त्याहून स्वस्त. महाग आहे ती ही एक दुपार.

ऊसवाहतुकीच्या या साखळीत सर्वांत खाली टायरगाडी येते. बीड, परभणीकडून आलेली तोडणी कामगारांची जोडपी कारखान्याच्या टायरगाड्यांना स्वतःचे बैल जुंपून ऊस ओढतात. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याचा ध्यास अनेक वर्षं घेतला होता. व्यवस्थापनशास्त्राच्या माणसानं बैलगाडीचा विचार करावा याचं तेव्हा अनेकांना हसू आलं. त्यांना दिसलेली गोष्ट साधी होती: गाडी जड चालली तर त्याची किंमत बैलाच्या मानेवर वसूल होते. ट्रॉलीचं बेअरिंग बिघडलं की ट्रॅक्टर थोडं जास्त डिझेल पितो. टायरगाडीचं बिघडलं की बैल बसतो, आणि चाबूक त्याच्यावर चालतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्याच भावकीतल्या एका ट्रॉलीचं मागचं चाक रात्री दहाच्या सुमारास धरलं. रस्ता दुतर्फा उसाचा, वळण जवळ. ड्रायव्हरनं मागं चार दगड आणि उसाच्या वाड्याचा भारा रचला आणि मोबाइलची बॅटरी लावून उभा राहिला. रिफ्लेक्टर होता, पण चिखलानं माखलेला. अकराच्या पुढं एक मोटरसायकल त्या दगडांपासून हातभर अंतरावर थांबली. नवरा, बायको, मध्ये लेकरू. थांबली म्हणून हा प्रसंग इथं लिहिता येतोय. सकाळी हब उघडला तेव्हा आत ग्रीस नव्हतंच; काळी पूड होती, आणि कोन आसाला चिकटलेला. गॅस कटरनं कापून काढावा लागला. ट्रॉली चार हंगाम जुनी होती आणि तिचा तो हब तोवर एकदाही उघडला गेला नव्हता.

शेडमधून निघालो तेव्हा सात हब झाले होते, आठव्याचा कप बदलायचा होता. तांब्याच्या पंचानं मिस्त्री तो चहूबाजूंनी थोडा थोडा ठोकत होते, आवाज बदलेपर्यंत. तळाला टेकला की ठोक्याचा नाद बद्द होतो. जुन्या कोनाला नवा कप कधी लावायचा नाही, दोन्ही जोडीनंच बदलायचे, हे त्यांनी मालकांना तिसऱ्यांदा सांगितलं.

कारखान्यांचे बॉयलर पेटले की ट्रॉल्या रस्त्यावर येतात. तुमची ट्रॉली असेल, किंवा तुमच्या रानातला ऊस कुणाच्या ट्रॉलीतून चालला असेल, तर पहिल्या खेपेनंतर काट्यावर उभं असताना एवढं करा: दोन्ही ट्रॉल्यांच्या आठही हबना एकेक करून उलटा हात लावा. सगळे सारखेच कोमट असतील तर ठीक. ज्याच्यावर हात ठेववणार नाही, ती ट्रॉली रिकामी करून तशीच मिस्त्रीकडं न्या, दुसरी खेप भरू नका.